देवीचा डावा पाय

चूक कसली? तो शहरातला नाचमास्तर गेल्या साली इथंच बसून, आमचाच चहा पिऊन म्हणाला, तुमची देवी लंगडते, तेवढं सुधारा, मग स्टेजवर नेतो. गेला ते बरं झालं. नाहीतर मीच त्याला लंगडा केला असता. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला नीट सांगतो.

समोर खळं दिसतं ना, तिथं आमचा बोहाडा होतो. देवांचे मुखवटे घालून माणसं नाचतात. शेवटी पहाटेला देवी येते, म्हैसासुराला पाडते. सूर्य वर यायच्या आत त्यानं पडायचं, नाहीतर वर्षभर गावाची धडगत नाही.

फार मागं देवीचा मुखवटा रेवजी भोयेकडं होता. बाप नाचला, मग तो नाचला. एका साली जंगलात ओंडका पडून त्याचा डावा पाय चेचला. पाटील म्हणाला, "देवीला खोट चालत नाही, रेवजी. औंदा माझा पुतण्या नाचंल." रेवजीनं आपल्या हातानं त्या पुतण्याच्या तोंडावर मुखवटा बांधला आणि कुडाला टेकून बसला. आता आपण ना कामाचे, ना देवीचे, असं त्याला वाटलं म्हणे.

पुतण्या नाचला झकास. गिरक्या काय, उड्या काय. पण म्हैसासुर झालेला सोमा गावित काही पडेना. संबळवाल्याचे हात भरून आले. डोंगरामागं तांबडं फुटलं.

"पड की मुडद्या," पाटील म्हणाला.

"देवी येऊ द्या, पडतो," सोमा मुखवट्याआडून बोलला. "हे तर तुमचं पोरगं नाचतंय."

पाटलानं पागोटं काढलं, पुतण्याच्या तोंडावरचा मुखवटा सोडवला आणि रेवजीपुढं धरला. रेवजीनं तो चढवला. एक पाऊल टाकलं, चेचलेला पाय मागनं ओढला. पाय येईतो संबळवाला थांबला, मग वाजवलं. सूर्यही तेवढा वेळ डोंगराआड अडून राहिला, असं सांगतात. रेवजीला दुखणं कळेना, आपण नाचतोय का कोण नाचतंय तेही कळेना. सोमा थरथरला आणि आडवा झाला. त्याचा मुखवटा काढला तर आत रडत होता म्हणे.

आजही धडधाकट पोरगा मुखवटा चढवतो आणि डावा पाय ओढतो. संबळही त्या पायासाठी थांबतो. ऐका, वाजायला लागला, देवी निघाली. चपला काढा आणि उभे राहा.