अंजनीचं रोप

"मग मी जायचं तरी कधी, बाबा?"

म्हाळोजीने हे तिसऱ्यांदा विचारलं. घाटमाथ्यावरच्या या मठीत बारा वर्षं त्याने पाणी भरलं होतं, पोथ्या तोंडपाठ केल्या होत्या. खाली गावाने त्याच्यासाठी नवा मठ बांधून ठेवला होता. अडलं होतं ते फक्त कान्हनाथबाबांच्या होकारापाशी.

बाबा त्याला मठीमागच्या रानात घेऊन गेले. जुन्या जांभळीखाली अंजनीचं गुडघाभर रोप होतं.

"याचं वय किती असेल?"

"दोनेक वर्षं."

"मी इथे आलो तेव्हाही हे एवढंच होतं."

...

थोरल्याच्या सावलीत धाकट्याने वाढायचं कसं? म्हाळोजीला ते रोप आपलं सख्खं भावंड वाटलं. दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन जांभळीवर चढला आणि रोपावरच्या फांद्या त्याने छाटून टाकल्या. ऊन थेट खाली उतरलं. बाबांना जन्मभरात सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, असंही त्याला वाटून गेलं. काहींना शहाणपण सुचतं ते कोयत्यासकटच.

आठ दिवसांत पानं करपली. शेंडा काळा पडला.

"मी त्याला उजेड दिला, बाबा..."

बाबांनी रोपाकडे पाहिलं. मग वर, फांद्यांच्या ओल्या खुंटांकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. तेच म्हाळोजीला फार लागलं.

त्याने काटक्यापानांचा आडोसा केला. घाटावरच्या वाऱ्याने तो दोनदा उडवून नेला. मग तो स्वतःच उन्हाकडे पाठ करून रोपाशी बसला. ऊन सरके तसा तोही सरके. फाल्गुन गेला, चैत्र गेला. पाठीची सालं निघाली. कधी जायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

अक्षय्य तृतीयेला गावचे पाटील माणसं आणि वाजंत्री घेऊन वर आले.

"चला महाराज, मुहूर्त आहे."

त्याला महाराज म्हणणारा हा पहिलाच माणूस. तरी म्हाळोजी हलला नाही.

"ऊन उतरू द्या. आत्ता उठता येणार नाही."

"एवढ्याशा झुडपापायी? मुहूर्त टळेल की."

"टळू द्या."

काळ्या शेंड्याच्या बगलेत तांदळाएवढा तांबूस कोंब आला होता. तो त्याने कोणालाच दाखवला नाही.

इतक्यात काठी टेकत बाबा आले. दुखरे गुडघे सांभाळत, उन्हाकडे पाठ करून, हळूहळू त्याच्या शेजारी बसले.

म्हाळोजीचे डोळे भरून आले. "मला अजून काहीच येत नाही, बाबा..."

"सरक थोडा. इथली सावली मी धरतो. तुझी माणसं उन्हात उभी आहेत."