अंगठ्यातली दोरी

“बरोबर केलं का नाही मी? सांगा आक्का, आधी सांगा!”

वैजंता दारातूनच ओरडली. सायकल भिंतीला टेकवायचंही तिला भान नव्हतं. तशीच पडू दिली. घंटी एकदा वाजली, चाक फिरत राहिलं.

बायजाआक्कांनी फक्त झोळीकडं बोट केलं.

हळू, असा त्याचा अर्थ.

झोळीत कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गौतमी होती, सात महिन्यांची. दात येत होते. सकाळपासून किंचाळून तिनं आम्हा दोघींचा, आक्कांचा नि त्यांच्या हाताखालच्या माझा, जीव काढला होता. आत्ता कुठं डोळा लागला होता.

आक्कांची बसायची रीत ठरलेली. गुरवांच्या धर्मशाळेतल्या खांबाला पाठ, मांडीवर तांदळाचं सूप आणि झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्यात. हात तांदूळ निवडायचे, पाय पोर झोपवायचा. द्राक्षांच्या शेडवर जाणाऱ्या बायांची पोरं त्यांनी तीस वर्षं अशीच सांभाळली.

वैजंता त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकली. शिकली म्हणजे काय, पोरं पुसली, भरवली, दोरी ओढली. मग कालव्यापलीकडं शिरसवाडीत तिनं स्वतःचं पाळणाघर काढलं. एकोणीस पोरं तिच्याकडं.

हाताची हुशार. जिभेची त्याहून.

मी चुलीपाशी खिचडी ढवळत होते. कान मात्र चुलीत नव्हते.

“सरकारच्या मॅडम आल्यात आमच्या पंचायतीत,” वैजंता आक्कांसमोर फतकल मारून बसली. “पाळणाघरांसाठी योजना काढलीय. सक्ती नाही म्हणे. हवी तर सही करा, नको तर राहू द्या. आणि मी...”

तिचे डोळे असे चमकत होते, जणू जत्रेत कुस्ती मारून आली.

“मी कागद परत दिला! सगळ्यांपुढं!”

“हं.”

“सरपंच बघतच राहिले! म्हणाले, अगं, पोरांना दूध मिळेल, अंडी मिळतील. मी म्हटलं, माझी पोरं उपाशी नाहीत.”

“हं.”

“आणि बदल्यात काय? रोज वही लिहा. महिन्याच्या महिन्याला पोरं वजनकाट्याला टांगा. कधी कोण तपासायला येईल त्याचा नेम नाही. वर दुसरी बाई ठेवा. पगार ते देणार, पण ठेवायचीच! मला दुसरी बाई कशाला हो? मी काय लुळी आहे?”

आक्कांनी तांदळातला खडा उचलला, बघितला, फेकला.

मग वाकून आपल्या अंगठ्यातला दोरीचा फास काढला आणि वैजंताच्या अंगठ्यात अडकवला.

वैजंताचं बोलणं थांबलं नाही. पाय मात्र हलायला लागला. नऊ वर्षांची सवय ती, पायाला काही सांगावं लागत नाही.

“मी मोकळी बाई आहे, आक्का. कुणाला बांधलेली नाही. हे तुमच्याकडनंच शिकले. तुम्ही कधी कुणापुढं हात पसरला?”

आक्का हसल्या. पुढचे दोन दात नाहीत त्यांना. हसल्या की झोळीतल्या पोरागत दिसतात.

“ही धर्मशाळा कुणाची?”

“गुरवांची.”

“झोळी कुणाच्या लुगड्याची?”

वैजंतानं वर बघितलं. “हिच्या आईच्या.”

आमच्यात पोर आईच्याच लुगड्यात निजवतात. वास ओळखीचा लागतो.

“आणि हे तांदूळ कुणी दिले?”

“ते वेगळं, आक्का! ती आपली माणसं.”

“हं.”

वैजंताला ते ‘हं’ आवडलं नाही. शाबासकी घ्यायला आलेली बाई. पुढं सरकून म्हणाली, “तुम्ही घेणार का ही योजना? तेवढं सांगा.”

“मी घेतली म्हणून तुझ्या पोरांच्या पोटात दूध जायचं नाही. मी सोडली म्हणून ती उपाशी राहायची नाहीत.”

“म्हणजे?”

आक्का तांदूळ पाखडायला लागल्या.

“मागच्या बुधवारी तुझ्या पाळणाघराच्या हौदापाशी काय झालं?”

वैजंताचा पाय हलत होता. तिनं चटकन मान वर केली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हौदानं.”

“काही झालं नाही, आक्का. एक पोर काठावर चढलं होतं. मी इकडं झोळीपाशी होते, दुसरं एक कडेवर होतं. पळाले. धरलं की!”

“कुठं धरलं?”

“...पायाला.”

पळी माझ्या हातात तशीच राहिली. खिचडी खाली लागायला आली होती, पण ढवळायचं सुचेना. पायाला धरलं म्हणजे पोराचं डोकं कुठं होतं, ते काय सांगायला हवं?

आक्का तांदूळ पाखडत राहिल्या.

“आत्ता पोरांपाशी कोण आहे?”

“हौसा आहे. बाळूची आई. सकाळी पंचायतीत जायचं होतं ना, म्हणून तिला म्हटलं, आजचा दिवस बस.”

“हौसा शेडवर जाते ना?”

“आज नाही गेली. मी म्हटलं म्हणून थांबली.”

“खाडा केला. दिवसाचा रोज बुडवला.”

“...हो.”

“भरल्या हंगामात.”

वैजंता खाली बघायला लागली.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

“म्हणजे हात पसरलास की गं. सरकारपुढं नाही पसरलास. हौसापुढं पसरलास.”

धर्मशाळेत दोरीचा कर्र कर्र आवाज तेवढा येत होता. तुळई आणि दोरी.

तेवढ्यात शेडचा भोंगा वाजला. तीनची चहाची सुट्टी.

वैजंता दचकली. तिच्या तोंडावरचा रंगच पालटला. “आक्का! सही करायला हवी! मॅडम चारला उठून जाणार! आज शेवटचा दिवस आहे, उद्या कागद तालुक्याला जाणार!”

“मग ऊठ.”

ती ताडकन उठली आणि निम्म्यातच अडकली. दोरी ताणली, झोळीला हिसका बसला. आतून ‘अँ...’ असा आवाज आला.

वैजंता मटकन खाली. पाय सुरू. झोळी सुरू. आवाज बंद.

“उठू कशी?”

“का? मोकळी आहेस ना?”

तिनं अंगठा हळूच फासातून ओढून बघितला. झोळी मंदावली. ‘अँ...’ अंगठा परत आत. पुन्हा एकदा ओढला. पुन्हा ‘अँ...’ जरा मोठ्यानं. सायकलीकडं बघितलं, वर उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

मी खिचडीकडं तोंड फिरवलं. खरं सांगते, मला एकीकडं हसू येत होतं आणि एकीकडं काळजीही वाटत होती. कालव्यापलीकडं जायचं म्हणजे सायकलनं अर्धा तास. चढाचा रस्ता. पोहोचेल का ही?

आणि आक्का! सूप परत मांडीवर घेऊन निवांत तांदूळ निवडत बसलेल्या. दोन्ही पाय समोर रिकामे पडलेले.

“आक्का...”

“काय?”

“ही दोरी...”

“चांगली आहे ना? काथ्याची आहे. परवाच बदलली.”

“तसं नव्हे हो!”

“मग कसं?”

वैजंतानं ओठ आवळले. नऊ वर्षं ती आमच्यात होती. ताप अंगात घेऊन पोरं खेळवली तिनं. एकदा दोन कडेवर आणि एक पाठीवर घेऊन उभी होती, पण ‘यातलं एक घ्या’ असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आपण होऊन घ्यायला गेलं तर म्हणायची, राहू दे, मला जमतं.

पाय हलतोच आहे.

“जरा...”

आक्का थांबल्या. हातातला तांदूळ हातात.

“जरा धरता का, आक्का?”

आक्कांनी पाय पुढं केला.

त्या अंगठ्याला एक खाच आहे. तीस वर्षं दोरी घासून पडलेली. वैजंतानं फास काढला आणि बरोब्बर त्या खाचेत बसवला. बसवता बसवता खाचेवरनं एकदा बोट फिरवलं.

मग जी उठली! चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी माझ्या चुलीमागं गेली होती, ती मी फेकली. सायकल उचलली. घंटी वाजली. पदर वाऱ्यावर.

“पदर खोच गं, चाकात जाईल!” मी ओरडले आणि आपणच तोंडावर हात ठेवला.

गौतमी उठली नाही.

वैजंतानं पदर खोचला, पायडलवर पाय ठेवला.

“वैजंते,” आक्का म्हणाल्या. आवाज हळूच होता, पण तो तिला ऐकू गेला. ती वळली.

“मागितलंस ना?”

“मागितलं, आक्का!”

“म्हणून झोळी थांबली का?”