कालचं उतरल्याशिवाय

“...मग निदान देवीला तरी ठाऊक असेल ना आक्का, तो कुठं आहे ते?”

सोनाक्का या देवळात देवीची सेवा करायच्या. त्या देवीच्या अंगावरची कालची फुलं उतरवत होत्या. काल मंगळवार होता, गावानं हारांवर हार चढवले होते. देवीचे डोळेसुद्धा दिसत नव्हते.

बाहेर तळ्यावर धुकं होतं. देऊळ, पायऱ्या, पलीकडचा डोंगर, सगळं त्यात अर्धं बुडालेलं. कुठल्याशा वाडीतली घंटा वाजली, ती झोपेत ऐकू यावी तशी आली. अशा सकाळी आपण उठलोय की नाही, याचीच माणसाला शंका येते.

प्रश्न विचारणारा मात्र टक्क जागा होता. विद्याधर त्याचं नाव. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. अर्धा तालुका त्याच्या हाताखालून शिकून गेलेला, त्यामुळे आपल्याला येत नाही असं जगात काही उरलेलंच नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

एकच गोष्ट जमत नव्हती. धाकटा भाऊ दिगंबर सापडत नव्हता.

वडील गेले तेव्हा दिगंबर नोकरीपायी पार हैदराबादेत होता. पोचला तो चिता विझल्यावर. दारातच विद्याधर त्याला नको नको ते बोलला. शब्दानं शब्द वाढला. दिगंबर आल्या पावली परत फिरला तो फिरलाच, पुढं त्याचा फोनही लागेना.

त्याला आता वर्षं लोटली होती. आईनं अंथरूण धरलं होतं. तिचं एकच म्हणणं, दिगूला एकदा बघते, मग सुखानं डोळे मिटते. रोज संध्याकाळी विचारायची, “लागला का रे पत्ता?” विद्याधर नुसती मान हलवायचा.

म्हणून तो आक्कांकडे आला होता. तसा तो भाविक नव्हता, पण हात टेकले की माणूस कुठंही जातो. मागच्या खेपेला आक्का एवढंच म्हणाल्या होत्या, “शोधतोस कसा, ते मला दाखव.” आज तो लॅपटॉप घेऊन आला होता. सोबत झेंडूचा भला मोठा हार.

“हा आधी देवीला घालू या,” त्यानं हार पुढं केला.

“थांब. कालचं उतरल्याशिवाय आजचं घालत नाही मी.”

“त्यावरूनच घातला तर काय बिघडतं?”

“बिघडत काहीच नाही...” आक्का म्हणाल्या. “ठेव तिथं.”

त्यानं हार उंबऱ्याशी ठेवला, पायरीवर बसला आणि लॅपटॉप उघडला. आक्का हात पुसत शेजारी येऊन टेकल्या.

“हं. दाखव.”

विद्याधर खुलला. शिकवायला मिळालं की गडी खुलायचाच. “हा ब्राउझर. जग बघायची खिडकी म्हणा. आणि वरच्या या पट्ट्या, हे टूलबार. साध्या माणसाकडं एखादा असतो...”

आक्कांनी वाकून पाहिलं. पट्टीखाली पट्टी, तिच्याखाली आणखी पट्टी. कुठं शोधायची चौकट, कुठं हवामान, कुठं काहीतरी लुकलुकतंय.

“ही एकदम चार ठिकाणी शोधते. ही परकी भाषा आपल्या भाषेत करून देते. आणि कोपऱ्यातली ही बारकी चित्रं, ही एक्स्टेन्शनं, वरून जोडलेली अवजारं. हे जाहिराती हाकलतं. हे कुठलं पान बदललं की मला सांगतं. असलं मोबाइलवर जमत नाही, ते पोरांचं खेळणं.”

“आणि पान कुठं आहे?”

“हे काय, खाली.”

खाली दोन बोटं जागा उरली होती.

आक्का हसल्या नाहीत. “बरं. शोध आता.”

त्यानं भावाचं नाव लिहिलं. चक्र फिरलं, थांबलं. दोन बोटांची ती जागा पांढरीफटक झाली.

“बघितलंत?” त्याचा आवाज चिरकला. “रोज हेच. आईला काय सांगू मी?”

“हेच म्हणजे काय?”

“म्हणजे या नावाचं कुणी नाही.”

“कुणीच?”

“कुणीच नाही.”

“अरे मास्तर,” आक्का म्हणाल्या, “आपला गुरव दिगंबर. वाडीचा पोस्टमन दिगंबर. दर गुरुवारी अख्खा गाव टाळ कुटतो, तो ज्याच्या नावानं, तोही दिगंबरच. आणि तुझ्या एवढ्या मोठ्या जगात एकसुद्धा नाही?”

विद्याधरनं त्या पांढऱ्या पानाकडं पुन्हा पाहिलं. तो आपला एक दिगंबर शोधत होता. बाकीचेही दिसत नाहीत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

...

आक्का उठून पुन्हा गाभाऱ्यात गेल्या. “माझं अजून व्हायचंय. तोवर तूही उतरव.”

“काय उतरवू?”

“त्याच पट्ट्या, चित्रं. एकेक. आणि कोण काय करतं, ते मला सांगत जा.”

“आक्का, हे सगळं काढलं तर मी शोधू कशानं? आंधळा होईन.”

आक्कांनी देवीच्या गळ्यातला एक सुकलेला हार सोडवून टोपलीत टाकला.

विद्याधरनं सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. “ही चार ठिकाणी शोधणारी.”

“हं.” शेवंतीची वेणी टोपलीत पडली.

“ही हवामानाची. कशाला घेतली होती कुणास ठाऊक.”

“हं.”

“ही तर मी घेतलीच नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी मागून आली असणार.”

“येतात तशा,” आक्का म्हणाल्या.

असं बराच वेळ चाललं. बाहेर धुकं हलत होतं. पायरीवर पान मोठं होत होतं, आत देवीचा खांदा दिसू लागला, मग हनुवटी. विद्याधरला गुंगी आल्यासारखं झालं. आपण काय काढतोय आणि आक्का काय काढतायत, यातला फरक त्याला क्षणभर कळेना.

“हे... हे नको ते झाकतं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“एखादा शब्द नजरेसमोर नको असेल, तर तो इथं लिहून ठेवायचा. मग तो शब्द जिथं असेल ते काहीच दिसत नाही. कुठंच नाही. तसं बरं आहे...”

“तुला काय नको होतं?”

“आठवत नाही.”

...

त्यानं ते चित्र दाबलं. छोटी चौकट उघडली. चौकटीत एकच शब्द होता.

दिगंबर.

धुक्यात कुठंतरी टिटवी ओरडली. विद्याधर त्या शब्दाकडं बघत राहिला आणि हळूहळू सगळं आठवलं. वडिलांचं तेरावं झालं होतं. इंटरनेटवर गावाचं एक पान होतं, तिथं दिगंबर वडिलांच्या आठवणी लिहीत होता आणि माणसं त्याचं सांत्वन करत होती. शेवटचं तोंडही बघायला आला नाही आणि इथं रडतोय, म्हणून विद्याधरची तळपायाची आग मस्तकात गेली होती. रागाच्या भरात त्यानं हे नाव इथं लिहिलं आणि लॅपटॉपचं झाकण आपटलं होतं. राग कधीच ओसरला. चौकटीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

“आक्का, मीच...”

“उतरव,” आक्का आतून म्हणाल्या.

त्यानं ते काढलं. मग गावाचं पान उघडलं. हे पान तो रोज बघायचा, न चुकता. जत्रेचा फोटो, पालखी, गुलाल, सगळं पाठ होतं. फोटोखालची ओळ मात्र त्यानं कधी पाहिली नव्हती.

‘आई बरी आहे का?’ ओळीच्या डोक्यावर नाव होतं, दिगंबर.

मागच्या जत्रेच्या फोटोखालीही तेच. त्याच्या मागच्या जत्रेखालीही. तेवढाच प्रश्न. एका ठिकाणी गावातल्या कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘दादाला विचार की. तो रोज इथंच असतो.’

त्याखाली दिगंबरनं लिहिलं होतं, ‘दादालाच विचारतोय.’

विद्याधर वाचतो आणि मूग गिळून बसतो, असंच गाव समजत आलं होतं. दोन भावांच्या मध्ये कोण पडणार, म्हणून कुणी त्याच्यापाशी विषयही काढला नव्हता.

विद्याधर रडू लागला. तालुक्याला शिकवणारा तो माणूस पायरीवर बसून लहान पोरासारखा मुसमुसत होता आणि आक्कांनी त्याला रडू दिलं. आत तांब्यातून देवीच्या अंगावर पाणी पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“आक्का, काय लिहू त्याला?”

“त्यानं काय विचारलंय?”

“आई बरी आहे का.”

“मग सांग की.”

त्यानं लॅपटॉप पुढं ओढला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ‘आई तुझी वाट बघतेय दिगू. माझं चुकलं. ये.’

ओळ गेली. तळं, धुकं, पायऱ्या, सगळं थांबलं.

...

मग त्याच्या ओळीखाली तीन ठिपके हलू लागले. पलीकडं कुणीतरी लिहीत होतं.

विद्याधरला बघवेना. त्यानं डोळे पुसले आणि उठून गाभाऱ्याच्या दाराशी गेला. देवी नुकती न्हाली होती. काळा ओला पाषाण, आणि त्यात चांदीचे दोन मोठे डोळे, सरळ त्याच्याकडं लागलेले. इतक्या खेपा घातल्या, पण देवीला डोळे आहेत हे त्यानं आज पाहिलं.

उंबऱ्याशी ठेवलेला हार त्यानं दोन्ही हातांनी उचलला.

“आक्का... आता घालू?”

“घाल,” सोनाक्का बाजूला सरकल्या. “डोळ्यांवर मात्र येऊ देऊ नकोस.”