एलियाबाबाचा पहिला पोहरा

फार वर्षांमागं आमच्या चर्चच्या जागी नुसतं माळरान होतं आणि त्याच्या कडेला ख्रिस्ती लोकांची थोडी घरं. गावच्या विहिरीला त्यांना कुणी हात लावू देत नसे, म्हणून एलियाबाबानं माळावर विहीर खणायला घेतली. कुदळ मारण्याआधी तो जमिनीला कान लावायचा आणि जमीन त्याला पाण्याची वाट सांगायची, असं म्हणतात. कशी सांगायची, हे विचाराल तर म्हातारी माणसं नुसती हसतात. पाणी लागलं तेव्हा बाबा काठावर उभा राहून म्हणाला, "हितं कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय लागतं?

माळापलीकडं हौसा राहायची. ती दारू गाळायची, तोंडानं फटकळ होती आणि देवाधर्माच्या वाटेला कधी गेली नव्हती. पण पाण्याला याच विहिरीवर यायची, कारण गावानं तिलाही हाकललं होतं.

एका वर्षी पाऊस रुसला आणि विहिरीचं पाणी खाली गेलं. ख्रिस्ती मंडळीचा कारभारी होता नथोबा, एलियाबाबाच्या बायकोचा भाऊ. प्रार्थनेत आवाज त्याचाच मोठा. तो म्हणाला, "हौसाच्या पापानं विहीर आटतीय." लोकांना ते पटलं. त्यांनी हौसाचा पोहरा दोरासकट काढून तिच्या दारात टाकला आणि तिचं पाणी बंद केलं. बाबा काही बोलला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्यानंही ते लक्षात ठेवलं.

त्या दिवसापासून दोर अपुरे पडू लागले, असं म्हणतात. पाणी खाली चमकताना दिसायचं, पण पोहरा त्याला टेकायचा नाही. दोराला दोर जोडला, तरी पाणी तेवढंच दूर. लेकरं तहानेनं रडू लागली. मग मंडळीनं उपास धरला, आणि तोही हौसाच्या पापांसाठी. स्वतः उपाशी राहून दुसरीच्या पापाचा पश्चात्ताप करणं आमच्याच वाडीला जमावं! एकेक जण उठायचा आणि देवाला हौसाचे गुण ऐकवायचा, जसं काही देवाला ती ठाऊकच नव्हती.

एलियाबाबा मागं बसून ऐकत होता. त्याला एक गोष्ट उमजेना. तो उठला आणि म्हणाला, "हौसाचा बाप्तिस्मा कधी झाला?"

"तिचा कसला बाप्तिस्मा, दाजी?" नथोबा हसला.

"मंग ती आपल्यासंगं प्रभुभोजनाच्या भाकरीला बसती का?"

"न्हाई."

"मंग तिला जाब इचारणारं आपण कोण? तिचं देव बघंल. जी बसत्यात, त्येंला कुणी इचारलंय का? माझ्यापासनं धरा. सारजाला घराभाईर काढलं, ती शेरडांच्या गोठ्यात निजती, हे मला ठावं हुतं. घरचा मामला म्हणून मी गप बसलो."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सारजा ही नथोबाच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. तिचं रान नथोबानं आपल्या रानात ओढून घेतलं होतं. हे सगळ्या वाडीला माहीत होतं, पण कारभाऱ्याला बोलायचं कुणी? नथोबा ताडकन उठून निघून गेला.

एलियाबाबाच्या बायकोनं त्या दिवशी नवऱ्याशी अबोला धरला. बाबाला ते फार लागलं. तरी तो नथोबाच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. नथोबानं दार लावून घेतलं. बाबा दाराला तोंड लावून म्हणाला, "नथोबा, मी तुला तोडाया आलो न्हाई. पर सारजाचं रान परत देईस्तवर तुला प्रभुभोजनाला बसता यायचं न्हाई, अन् तू न्हाईस, तर मीबी न्हाई. तुझ्यावाचून ती भाकर माझ्या घशाखाली उतरायची न्हाई."

बाबानं तिथून हलायचं नाव घेतलं नाही. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी तो तसाच बसून होता आणि पाण्याचा थेंबही घेत नव्हता. शेवटी दार उघडलं. नथोबा कुणाकडं न बघता गोठ्याकडं गेला आणि सारजेपुढं डोकं टेकून रडला. तिचं रान, तिची खोली त्यानं सगळ्यांदेखत परत दिली.

मग सारजेनं विहिरीत पोहरा सोडला. पाणीच वर चढून त्याला भेटायला आलं, असं म्हणतात. एलियाबाबानं तो पहिला पोहरा कुणाला घेऊ दिला नाही. तो घेऊन माळापलीकडं गेला आणि हौसाच्या घागरीत ओतला. "आम्ही चुकलो, बाई," तो म्हणाला. हौसानं त्याला चार शिव्या हासडल्या आणि पाणी ठेवून घेतलं.

आजही प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमची मंडळी त्या विहिरीवर जमते. जो तो दुसऱ्यापुढं उभा राहून विचारतो, "माझं काय चुकलं?" आणि जे सांगितलं जाईल ते ऐकून घेतो. पहिला पोहरा मात्र मंडळीबाहेरच्या माणसाचा, मग तो वाटसरू असो नाहीतर कुणीही. त्याला काहीच विचारायचं नाही. त्या पहिल्या पोहऱ्याला एलियाबाबाचा पोहरा म्हणतात.

दर वेळी एखादं लेकरू विचारतंच, की हौसानं पुढं दारू सोडली का? म्हातारी माणसं म्हणतात, "आम्हाला काय ठावं? ते तिला ठावं अन् देवाला. तू सांग, सकाळी बहिणीला का मारलंस?"