महाराजांचा चेंडू मोजायचा कसा?

काळवणच्या महाराजांना गोल्फचं भारी वेड! पहिला टोला मारायचा त्यांचा ड्रायव्हर तर संस्थानात सगळ्यांत लांब दांड्याचा. उद्या शेजारच्या संस्थानाशी सामना, म्हणून साऱ्या संघाने तसलाच ड्रायव्हर घ्यावा, असा हुकूम सुटला. धाकट्या बहिणीने, सगुणाराजेंनी मात्र आखूड दांड्याचा निवडला.

"दादासाहेब, हा माझ्या हाताचं ऐकतो."

"पोरखेळ! ज्याचा चेंडू लांब जाईल, त्याचाच ड्रायव्हर संघाला!"

सगुणाराजेंचा चेंडू सरळ जाऊन मैदानाच्या मधोमध थांबला. मग महाराजांनी दांडा असा फिरवला की वाराच सुटला. खाड्! रिवाजाप्रमाणे सगळे दरबारी तत्क्षणी मुजऱ्याला वाकले. मान वर करून बघतात तो चेंडू गायब! ऊस पालथा घातला, तळं धुंडाळलं. चेंडू कुठेच नाही.

"पण गेला लांबच!" महाराज गरजले. "तुमच्या कितीतरी पुढे!"

"मान्य," सगुणाराजेंनी मोजायची फीत पुढे केली. "हे टोक मी इथे धरते. दुसरं तुम्ही तुमच्या चेंडूला लावून या."

दुसऱ्या दिवशी महाराजांच्याही हातात आखूड ड्रायव्हर होता. आणि नवा हुकूम निघाला होता: मुजरा चेंडू थांबल्यावरच करावा!