तरसाची पहिली पकड

मुलांनो, करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका रानात एक तरस राहायला आले. डोंगरापलीकडचे पाणी आटल्यामुळे त्याला घर सोडावे लागले होते. या रानातले प्राणी रोज संध्याकाळी माळावर कबड्डी खेळत. तरसालाही कबड्डीचे भारी वेड, पण "मलाही घ्या ना" म्हटले, की सांबर नाक मुरडून म्हणे, "तुम्ही तरसं मेलेलं खाता. तुझ्या अंगाला हात कोण लावणार?" मग तरस मुकाट्याने कडेला बसून खेळ पाही.

संघाचा नायक ससा होता. त्याला हे बघवेना. एके दिवशी तो तरसाला म्हणाला, "उद्याच्या सामन्यात माझ्या शेजारी तुझी जागा." सांबर कुरकुरले, पण नायकापुढे त्याचे काही चालले नाही.

दुसऱ्या दिवशी नदीकाठचा संघ आला. तरसाला पाहताच त्यांचा नायक लांडगा गुरगुरला, "याला बाहेर काढा, नाहीतर सामना सोडा. असल्यांना आम्ही शिवत नाही."

"राहू द्या," तरस हळूच म्हणाले, "माझ्यापायी तुमचा सामना नको जायला."

"हा आमचा गडी आहे," ससा लांडग्याला म्हणाला. "त्याला वगळून आम्ही खेळत नाही. तुम्हीच जिंकलात म्हणा!" तरसाचा पंजा धरून तो मैदानाबाहेर चालू लागला. मागोमाग मोर निघाला, खार निघाली आणि शेवटी मान खाली घालून सांबरही निघाले.

पंच होते म्हातारे कासव. ते कडाडले, "थांबा! गड्याची जात पाहून जो संघ खेळायला नकार देईल, त्याच संघाला मी हरलेला ठरवीन."

लांडगा वरमला. खेळ सुरू झाला. तरस चढाईला गेले. नदीकाठचे गडी क्षणभर बिचकले. मग कोल्ह्याने झेप घेऊन त्याची कंबर धरली, घोरपडीने पाय आवळला, लांडग्यानेही खांदा दाबला. तरस मातीत लोळले. बाद! पण उठले ते हसतच. कालपर्यंत त्याला कोणी शिवले नव्हते, आणि आज तिघांनी मिळून घट्ट धरले होते.

सामना नदीकाठच्या संघाने जिंकला. सांबराने पुढे होऊन तरसाच्या पाठीवरची माती झटकली. तरसाचे डोळे भरून आले. ते सशाला म्हणाले, "तुझे उपकार मी कसे फेडू?"

"फेडायचे कशाला?" ससा म्हणाला. "उद्या लवकर ये. तुझी चढाई फार कच्ची आहे!"

तात्पर्य : खेळात कोणाची जात-कूळ पाहू नये, आणि ज्याला बाहेर काढले जाते, त्याच्यासोबत स्वतः बाहेर पडायला जो तयार असतो, तोच खरा नायक.