धार काढून होईपर्यंत

“नुसतं ‘बोल’?” बाईजींनी विचारलं.

“नुसतं ‘बोल’,” शर्वाणी म्हणाली.

“आणि एरवी?”

“एरवी ताई म्हणते, ‘बोल, ससुल्या’. कायम. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही, आणि आजी गेली तेव्हाही… ‘बोल, ससुल्या’. त्या दिवशी फक्त ‘बोल’.”

बाईजी समोरच्या परातीतली अंबाडीची भाजी निवडत राहिल्या.

खटकलेली पहिली गोष्ट एवढीच होती. बाकी सगळं ठीक होतं. ताई जेवली होती, भाऊजी ऑफिसला गेले होते, तिकडे कॅल्गरीत बर्फ पडत होता. फोन ठेवून शर्वाणी हात धुवायला गेली आणि नळ तसाच सोडून उभी राहिली.

शर्वाणी जात्याच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची, म्हणून तर ताईनं ‘ससुल्या’ हे नाव ठेवलेलं. पुढे ती एम.कॉम. झाली, अमरावतीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायलाही लागली. पण फळ्यावर लिहिताना खडू मोडला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

त्या फोननंतर ताईचे मेसेज आखूड होत गेले. ‘हो.’ ‘बरी आहे.’ ‘नंतर बोलू.’

मग तेही थांबले.

शर्वाणीनं ठरवलं, कॅल्गरीला जायचं. ठरवलं त्या दिवसापासून तिची झोप उडाली. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पॉइंटांमुळे.

पूर्णा नदीकाठचा बाईजींचा हा मठ म्हणजे दोन खोल्या, एक कडुनिंब आणि भुरी गाईचा गोठा. शेजारच्या गावात शर्वाणीच्या आईचं माहेर. बाईजी सत्तरी ओलांडलेल्या संन्यासिनी. सकाळी गावात भिक्षेला जायच्या, मिळेल ते खायच्या आणि कुणी विचारलंच तर उत्तर द्यायच्या. आई म्हणायची, काही सुचेनासं झालं की बाईजींकडे जावं. त्या काही सुचवत नाहीत, पण सुचतं.

“दंडवत घालून बसलीस तेव्हापासून पॉइंट, पॉइंट चाललंय तुझं,” बाईजी म्हणाल्या. “काय असतात ते?”

“कार्डावर खर्च केला की बँक देते. ताईच्या लग्नात बाबांनी सगळं कार्डावर घेतलं. हॉल, दागिने, जेवणं. त्याचे साठलेत. बाबा म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, तूच कुठे टाकायचे ते टाक.”

“म्हणजे भाजी घेतली की वर कोथिंबीर.”

“हो… तसंच.”

“आणि ती कोथिंबीर घेऊन तू कॅनडाला निघालीस.”

शर्वाणीला हसू आलं नाही.

“चेष्टा नाही, बाईजी. हे पॉइंट विमान कंपनीला द्यायचे. मग ती त्यावर तिकीट देते. पण एकदा दिले की दिले, परत नाही येत. आणि कुठल्या कंपनीला द्यायचे तेच ठरत नाहीये. आखातातलीला दिले तर पॉइंट कमी लागतात, पण वरचा कर इतका की त्यापेक्षा तिकीटच विकत घ्यावं. युरोपातलीचा कर कमी, पण त्यांची सीट आज दिसते नि उद्या दिसत नाही. तिसरीला आज संध्याकाळच्या आत दिले तर वर बोनस आहे, पण ती मध्ये दोनदा उतरवते, आणि एके ठिकाणी सामान आपणच उचलून पुन्हा द्यायचं. मी एकटी. सामान चुकलं तर? कॅनडाचा व्हिसा आहे, गेल्या वर्षी सगळ्यांचाच काढला होता. पण त्या मधल्या देशाचाही लागला तर?”

“श्वास घे.”

शर्वाणीनं घेतला. अर्धाच आत गेला.

“आणि मी एक घोळ घालून ठेवलाय.”

“काढ बाहेर.”

“परवा आखातातल्या कंपनीची सीट दिसली. हातची जाईल म्हणून घाबरले, आणि निम्मे पॉइंट त्यांना देऊन टाकले. दिले, आणि सीट गायब. ती नव्हतीच म्हणे. नुसती दिसत होती. आता ते पॉइंट तिकडेच अडकले.”

“नव्हती, तरी दिसत होती?”

“होतं असं. या नादातले लोक तिला भुताची सीट म्हणतात.”

“बघ बापा,” बाईजी म्हणाल्या. “मी जन्मभर नदीकाठी राहिले, मला एक भूत दिसलं नाही. तुला घरबसल्या दिसलं.”

शर्वाणीचे कान तापले. ती जरा ताठ बसली.

“मला कळत नाही असं नाही, बाईजी. घाईनं चुकलं. यातला पहिला नियमच आहे, आधी सीट खरी आहे का बघायचं, मगच पॉइंट हलवायचे. तो मी मोडला. पुन्हा नाही मोडणार. आता तिन्ही कंपन्यांचं सगळं मला पाठ आहे. कुठलंही विचारा.”

“नियम चांगला आहे. आमचाही तोच.”

“तुमचा?”

“भिक्षेला गेलं की आधी झोळी पसरायची नाही. आधी हाक. आतून ओ आली, तर झोळी.”

शर्वाणीचे खांदे जरा खाली आले. चला, कुणीतरी बरोबर म्हणालं.

“मग मीही तेच करतेय ना?”

“हाक कुणाला मारलीस?”

“तिघींनाही. म्हणजे, कंपन्यांना. एकीच्या कस्टमर केअरला तर इतका वेळ…”

“जायचं कुणाकडे आहे?”

“…ताईकडे.”

बाईजींनी शेवटची काडी निवडली. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

“तिला ठाऊक आहे, तू येतेस ते?”

कडुनिंबावर एक कावळा ओरडला. शर्वाणी दचकली.

“सरप्राइज द्यावं म्हटलं…” ती म्हणाली. ते तिचं तिलाच पटलं नाही. “फोन केले होते. ती उचलत नाही.”

“किती वेळ वाजू देतेस?”

शर्वाणीनं बाजूचं एक देठ उचलून मोडलं.

“पोरी, किती वेळ?”

“दोनतीन रिंगा. मग मीच कापते.”

“काहून?”

“उचलला तर?”

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. ती परातीकडे बघत राहिली.

“उचलला तर ती म्हणेल, येऊ नकोस. मग मी काय करू? किंवा म्हणेल, ये. ये म्हणाली तर… ताई कधी कुणाला ये म्हणत नाही, बाईजी. लग्नानंतर आईला ताप आला होता, तेव्हाही तीच आली होती धावत. ती जर ये म्हणाली, तर खरंच काहीतरी झालंय.”

बाईजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. परात उचलून आत ठेवली, येताना कोनाड्यातली दुधाची चरवी घेतली. ऊन कुडावर चढलं होतं. गोठ्यातून भुरी हंबरली.

“दारात किती थांबायचं, तेही आम्हाला घालून दिलेलं आहे,” चालता चालता त्या म्हणाल्या. “गाईची धार काढून होते, तेवढा वेळ. त्याआधी निघालीस तर तू आलीच नव्हतीस. त्याच्यानंतरही उभी राहिलीस, तर तू भिक्षेकरी नव्हेस, वसुलीवाली.”

मठात रेंज मिळायची ती फक्त गोठ्याच्या ताटीपाशी. शर्वाणी तिथं पोचते न पोचते तोच फोन थरथरला. ती इतकी दचकली की फोन शेणात पडता पडता राहिला.

ताई नव्हती. बँक होती. बोनसची मुदत संपत आली होती.

“बाईजी, एवढं करून घेते आधी. पाच मिनिटं. तिसरीलाच देऊन टाकते, राहिलेले सगळे. नाही तर हेही हातचं जाईल. मग निवांत फोन…”

बाईजींनी वासरू सोडलं. ते आईच्या कासेला भिडलं, दोन ढुशा मारल्या, लुचायला लागलं. त्यांनी त्याला थोडं पिऊ दिलं, मग ओढून भुरीच्या तोंडापाशी बांधलं. भुरी त्याला चाटू लागली. बाईजींनी कास धुतली, चरवी गुडघ्यांत धरली.

दोन बारीक धारा आल्या, आणि थांबल्या.

“काय झालं?” शर्वाणीनं विचारलं.

“पान्हा चोरला तिनं.”

“का?”

“ताटीपाशी कुणीतरी थरथरतंय.”

शर्वाणीनं ताटीवरचा हात काढला. ताटी खरंच हलायची थांबली.

बाईजी गाईवर ओरडल्या नाहीत. सड ओढले नाहीत. त्यांनी कपाळ भुरीच्या कुशीला टेकलं, हात कासेवर नुसता ठेवला, आणि बसून राहिल्या.

“लाव,” त्या म्हणाल्या.

“तिकडे आत्ता पहाट आहे. झोपली असेल.”

“झोपत असती, तर तू इथं आली नसतीस.”

शर्वाणीनं फोन लावला.

एक रिंग. दुसरी. अंगठा आपोआप लाल खुणेकडे निघाला.

“हं,” बाईजी म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

अंगठा तिथंच थांबला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला… आणि आपसूक बंद झाला.

“नाही उचलला. कट झाला.”

“तू कापलास?”

“नाही. पूर्ण वाजून गेला.”

“चरवी भरली?”

शर्वाणीनं वाकून पाहिलं. तळ नुसता ओला झाला होता.

“…नाही.”

“मग?”

तिनं पुन्हा लावला. हा फोन वाजतोय ते घर कसं असेल, ती विचार करत होती. ओट्यावर असेल? उशाशी? ताई त्याच्याकडे बघत बसली असेल, नाव दिसत असेल, आणि हातच पुढे होत नसेल? आपल्यासारखाच?

हे आधी कधी तिच्या मनातच आलं नव्हतं. ताईही घाबरू शकते.

दुसराही वाजून वाजून बंद झाला.

“ती नाहीच उचलणार, बाईजी.”

“तिच्या मनातलं तुला ठाऊक. मला माझी गाय ठाऊक नाही अजून.”

ऊन कुडावरून उतरून गेलं. वासराच्या मानेवर भुरीची जीभ खरखरत होती. शर्वाणीनं तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी तो तिनं कानाला घट्ट दाबला नाही; कुणी झोपलेलं मूल धरावं तसा धरला.

रिंग.

कानाशी मेसेजची टिकटिक झाली. बँकच असणार. तिनं बघितलं नाही.

रिंग.

चर्र… चरवीच्या तळाला जाड धार वाजली. शर्वाणी दचकली, पण अंगठा जागचा हलला नाही. दुसरी धार. तिसरी. मग बाईजींचे दोन्ही हात चालू लागले, आणि तळाचा आवाज हळूहळू भरल्या भांड्याचा झाला.

रिंग…

आणि रिंग थांबली. कट झाल्याचा तो टुकटुक आवाज मात्र आला नाही.

कुणी हॅलो म्हणालं नाही. नुसता श्वास होता. त्यामागे कुठेतरी, फार लांब, बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

“ताई?”

“…हं.”

सर्दी झाल्यासारखा आवाज. किंवा बराच वेळ रडून झाल्यावर असतो, तसा.

शर्वाणीच्या घशाशी सगळं एकदम गर्दी करून आलं. आखातातली, युरोपातली, कर, बोनस, अडकलेले निम्मे.

“ताई, अगं, ते पॉइंट आहेत ना, तर मी म्हटलं, कुठल्या कंपनीला… म्हणजे एकीची सीट…”

धारेचा आवाज थांबला.

तिनं वळून पाहिलं. बाईजींनी चरवी गुडघ्यांतून काढून खाली ठेवली होती. दुधानं भिजलेलं बोट त्यांनी ओठांवर धरलं. थोडं दूध हनुवटीवरून ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

फोनमध्ये श्वास तसाच चालू होता. ताई फोन ठेवत नव्हती.

“बाईजी,” शर्वाणीनं नुसत्या ओठांनी विचारलं, “काय म्हणू?”

“नुसतं ‘बोल’ म्हण.”